सोळा आणे पीक

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला महसुलाची भाषा प्रांतागणिक नव्याने शिकावी लागते. आपला तलाठी गुजरातेत तलाटीच राहतो, पण उत्तर प्रदेशात लेखपाल, पंजाब-राजस्थानात पटवारी होतो. जुन्या कर्नाटकात तो शानुभोग आणि आंध्रात करणम होता. आपली पीक पाहणी तिकडे गिरदावरी म्हणून ओळखली जाते. एक शब्द मात्र पूर्वी जवळपास सगळीकडे समजत असे, तो म्हणजे आणा. यंदा पीक किती, तर दहा आणे. देशातील धान्याचा हिशेब कित्येक दशके या एका शब्दावर चालला. तो शब्द सरकारी कागदांतून कसा हटला आणि हटूनही कुठे उरला, याचा इतिहास अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो. समाजाचे आकडे कसे तयार होतात हे समजून घ्यायचे असेल, तर मला त्याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

जुनी रीत अशी होती. जिल्ह्यात अमुक पिकाखाली किती एकर जमीन आहे, हे गावच्या नोंदवहीवरून काढायचे. त्या पिकाचे एकरी ‘सर्वसाधारण’ उत्पन्न खात्याने आधीच ठरवून ठेवलेले असे. त्याने एकरांना गुणायचे आणि शेवटी यंदाचे पीक सर्वसाधारणाच्या मानाने किती आणे, या अपूर्णांकाने पुन्हा गुणायचे. एक लाख एकर, एकरी आठ मण आणि बारा आणे पीक, म्हणजे सहा लाख मण. यातील पहिला आकडा रयतवारी प्रांतांत बराच भरवशाचा होता, कारण गावात मोजणीचा नकाशा होता आणि बांधावरून फिरणारा माणूस होता. दुसरा आकडा जुना, अनेकदा कित्येक वर्षे न बदललेला. तिसरा आकडा म्हणजे निव्वळ नजर. ‘नजरअंदाज’ हा शब्द आपल्या कागदपत्रांत आहे, तो प्रामाणिक शब्द आहे. तलाठ्याने दहाऐवजी बारा म्हटले की वरच्या हिशेबात एक लाख मण धान्य कागदावर उगवत असे. त्यातून काही प्रांतांत सोळा आणे म्हणजे सर्वसाधारण पीक, तर काही ठिकाणी बारा आणे. या साऱ्यांची बेरीज दिल्लीत होई आणि तिला अखिल भारतीय उत्पादन म्हणत.

इंग्रज अर्थतज्ज्ञ जोसाया स्टॅम्प यांनी १९२९ साली छापलेल्या एका पुस्तकात हिंदुस्थानातील एका न्यायाधीशाचा किस्सा आहे. सरकार आकडे गोळा करते, त्यांची मुळे आणि घाते काढते, सुंदर आलेख बनवते, पण त्यातला प्रत्येक आकडा मुळात गावच्या चौकीदाराने मनाला येईल तसा लिहिलेला असतो, असा त्याचा भावार्थ. जगभरचे संख्याशास्त्रज्ञ हा किस्सा आजही चवीने सांगतात. मला तो अपुरा वाटतो. चौकीदार किंवा तलाठी मनाला येईल तसे लिहीत नव्हता. आपल्या आकड्यावर काय अवलंबून आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आणेवारीवर सारा अवलंबून होता. मुंबई इलाख्याच्या नियमांप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले, तर त्या वर्षीच्या साऱ्याची पूर्ण तहकुबी मागण्याचा रयतेला हक्क होता. १९१७ च्या अतिवृष्टीने खेडा जिल्ह्यातील खरीप बुडाला. शेतकरी म्हणाले, पीक चार आण्यांच्या आत आहे. महसुली अधिकारी म्हणाले, नाही, वर आहे. भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर यांनी चौकशी केली, मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रश्न निघाले, गांधींनी निःपक्ष चौकशी मागितली. ती मिळाली नाही, आणि २२ मार्च १९१८ रोजी नडियादला सत्याग्रह सुरू झाला. जूनमध्ये, ऐपत असलेल्यांनी भरावे आणि गरिबांना तहकुबी द्यावी, अशी तडजोड झाली. गांधींचे त्या शेवटाने समाधान झाले नव्हते.

खेड्याच्या लढ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रशासनाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट मात्र नजरेआड होते. हा वाद एका मोजमापाचा होता आणि ते मोजमाप करण्याचे साधन दोघांपैकी एकाही पक्षाकडे नव्हते. एकाच शेताकडे पाहून एकाला तीन आणे दिसत आणि दुसऱ्याला सहा, आणि दोघेही खोटे बोलत असतील असे नाही. डोळ्याला जे दिसते त्यात पाहणाऱ्याची काळजी मिसळलेली असते. शिवाय पीक मोजणारे, सारा ठरवणारे आणि तो वसूल करणारे खाते एकच. अशा रचनेतून आलेला आकडा खरा असला तरी समोरचा माणूस त्यावर विश्वास कसा ठेवणार?

यातून सुटण्याची वाट ज्याने प्रथम दाखवली तो गणिती नव्हता, सनदी अधिकारी होता. जॉन ऑस्टिन हबॅक हे बिहार-ओरिसा प्रांतातले आय.सी.एस. अधिकारी, पुढे १९३६ साली ओरिसा वेगळा प्रांत झाला तेव्हा त्याचे पहिले गव्हर्नर. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी भाताचे उत्पन्न काढण्यासाठी वेगळा प्रयोग केला. तोवर पीक कापून पाहण्याची पद्धत नव्हती असे नाही. पण कापायचे शेत साहेब निवडत असे, ‘मध्यम प्रतीचे’ म्हणून. हबॅक यांनी निवड माणसाच्या हातून काढून घेतली. कुठे कापायचे हे योगायोगाने ठरवायचे, तिथे एक लहान त्रिकोणी चौकट ठेवायची आणि तिच्या आत येईल तेवढेच भात कापून तोलायचे. पुसा येथील कृषी संशोधन संस्थेने १९२७ साली हे काम एक पत्रिका म्हणून छापले. नमुना निवडताना सुजाण माणसाच्या विवेकावर विसंबण्यापेक्षा चिठ्ठीवर विसंबणे अधिक सुरक्षित, हा विचार त्या काळी इंग्लंडातही नवा होता. आपल्याकडे पुसाच्या पत्रिका तेव्हाही फारशा कुणी वाचत नसत, ते सोडा.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती वाचली. डिसेंबर १९३१ मध्ये कलकत्त्यात त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती, आणि १९३७ पासून बंगालमधील तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी हाती घेतली. बंगालची अडचण महाराष्ट्रातील वाचकाच्या लगेच ध्यानात येणार नाही. तिथे कायमधारा होता. जमीनदाराने ठरलेली रक्कम भरली की सरकारला शेतात डोकावण्याचे कारण नाही, म्हणून गावात तलाठीही नाही. आपल्याकडे निदान पेरणीखालचे एकर माहीत असत. बंगालमध्ये तेही चौकीदारांच्या सांगण्यावरून ठरत.

महालनोबिसांनी तागाची पाहणी चार वर्षे लहान प्रमाणावर करून पाहिली आणि १९४१ साली ती प्रांतभर नेली. त्यांची एक युक्ती मला फार मोलाची वाटते. एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे आणि ते दोन वेगवेगळ्या तुकड्यांकडे द्यायचे. दोघांचे निष्कर्ष जवळपास आले तर ठीक. फार दूर गेले तर कुणीतरी शेतात न जाता झाडाखाली बसून तक्ता भरला आहे. तपासणीची ही पद्धत कुणावरही आरोप करत नाही, तरी चूक लपू देत नाही. १९४० च्या दशकाच्या मध्यात बंगाल सरकारने शेतन् शेत मोजून तागाची संपूर्ण गणती केली, तेव्हा दोन्ही पद्धती समोरासमोर आल्या. गणतीला सुमारे ३३,००० माणसे आणि ८२ लाख रुपये लागले, नमुना पाहणीला सुमारे ६०० माणसे आणि ८ लाख. गणतीने उत्पादन सुमारे ६३ लाख गासड्या काढले आणि नमुन्याने ७५ लाख. नंतर व्यापाराच्या व जकातीच्या हिशेबातून आकडा आला तो साडेपंचाहत्तर लाखांच्या घरातला. तेहतीस हजार माणसांवर देखरेख कोण ठेवणार, हा प्रश्न ज्यांनी निवडणुकीचे किंवा जनगणनेचे काम केले आहे त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

पण ताग हे नगदी पीक. भाताच्या बाबतीत त्याच बंगालने या अज्ञानाची जबर किंमत मोजली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर वादळ आले, भातावर करपा पडला, ब्रह्मदेशाचा तांदूळ युद्धामुळे आधीच बंद झाला होता. त्या हिवाळ्यात बंगालमध्ये तांदूळ किती पिकला? १९४५ साली अहवाल देणाऱ्या दुष्काळ चौकशी आयोगाला प्रांताचे आकडे जसेच्या तसे वापरता आले नाहीत. ते दुरुस्त करून घ्यावे लागले. मृतांची संख्या आयोगाने सुमारे १५ लाख धरली, नंतरच्या अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या आसपास नेली. १९८१ साली अमर्त्य सेन यांनी आयोगाच्याच आकड्यांवरून दाखवले की १९४३ मधील धान्याचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फक्त पाच टक्क्यांनी कमी होता आणि १९४१ पेक्षा तर जास्तच. धान्य होते, ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती, हा त्यांचा सिद्धान्त जगभर गाजला. ओंकार गोस्वामी यांनी १९९० मध्ये या आकडेवारीची फेरतपासणी केली. इतर काहींनी बांकुरा व चिनसुरा येथील भात संशोधन केंद्रांतील नोंदींकडे बोट दाखवले, जिथे प्रत्यक्ष तोललेले उत्पन्न १९४२ साली अतिशय घसरले होते. सेन यांच्या सिद्धान्ताचा गाभा या वादाने कोसळत नाही, असे माझे मत आहे. मजुराची, कोळ्याची, गावकामगाराची क्रयशक्ती संपली याला पुरावे इतरही आहेत. परंतु विसाव्या शतकातील हिंदुस्थानच्या सर्वांत मोठ्या शोकान्तिकेबद्दलची विद्वानांची चर्चा अजूनही ‘पीक मुळात किती होते’ यावर अडते, कारण त्या वर्षी प्रांतभर ते कुणी व्यवस्थित मोजलेच नव्हते.

याच सुमारास कथेत सातारा जिल्ह्यातील एक मराठी माणूस येतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली बुध गावचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये आणि मग लंडनला. १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले आणि गहू-भातासाठी यादृच्छिक पीक कापणीची योजना त्यांनी प्रांतोप्रांती उभी केली. कापसावर असेच काम इंदूरचे वि. गो. पानसे करत होते. पद्धतीचे तत्त्व महालनोबिसांचेच होते, तरी दोघांचे दोन गोष्टींवरून कडाक्याचे भांडण झाले. सांख्यिकीच्या इतिहासात ते प्रसिद्ध आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कापायच्या तुकड्याचा आकार. महालनोबिस दोन-चार फूट त्रिज्येची लहान वर्तुळे वापरत. लहान तुकडे पुष्कळ घेता येतात आणि खर्च वाचतो. सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की लहान तुकड्यात उत्पन्न फुगते. गव्हावरच्या प्रयोगात अगदी लहान वर्तुळांत ही वाढ चाळीस टक्क्यांच्या घरात गेली होती. कारण साधे आहे. दोरीवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस मीटरमागे सव्वातीन मीटर कड येते, पाच मीटरच्या चौरसात जेमतेम पाऊण मीटर. म्हणजे ओढाताणीला चौपट वाव. महालनोबिसांचे उत्तर होते की शिकवलेला, पूर्णवेळ पाहणीस अशी चूक करत नाही.

दुसऱ्या मुद्द्याची बीजे या उत्तरातच होती. मोजायचे कुणी? महालनोबिसांना त्यासाठी स्वतंत्र माणसे हवी होती, कारण महसुली नोकराला आण्यांची सवय आणि शंभर दुसरी कामे. सुखात्मे म्हणत, जी यंत्रणा गावोगाव कायम उभी आहे तिच्याकडूनच हे काम करून घ्या, नाहीतर संस्थेचा उत्साह ओसरला की पाहणीही ओसरेल. सरकारने पिकांपुरते सुखात्म्यांचे ऐकले. महालनोबिसांच्या विचारातून १९५० साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण उभे राहिले आणि तेही धान्याचे आकडे काढू लागले. परिणामी पन्नाशीच्या दशकात देशाकडे अन्नधान्य उत्पादनाचे दोन आकडे होते, सर्वेक्षणाचा मोठा आणि कृषी खात्याचा लहान, आणि गहू किती आयात करायचा हे ठरवणाऱ्यांना त्यांतला एक निवडावा लागे. पुढे अधिकृत म्हणून खात्याचा आकडा टिकला. सुखात्मे १९५१ मध्ये रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले आणि तिथे सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. मला विचाराल तर तुकड्याच्या बाबतीत सुखात्मे बरोबर होते आणि माणसांच्या बाबतीत महालनोबिस. पण ज्याच्या हाती जिल्हा आहे तो माणसांच्या बाबतीतही शेवटी सुखात्म्यांकडेच जातो, कारण त्याच्याकडे दुसरी माणसे नसतात.

या भांडणाची एक खूण अजून शेतात दिसते. देशात बहुतेक ठिकाणी पीक कापणीसाठी पाच किंवा दहा मीटरचा चौरस आखतात. उत्तर प्रदेशात दहा मीटर बाजूचा समभुज त्रिकोण आहे. पश्चिम बंगालमध्ये मात्र सुमारे १.७ मीटर त्रिज्येचे वर्तुळ चालत आले आहे.

आण्यांच्या जागी तराजू आला, याचा अर्थव्यवस्थेच्या आकलनावर काय परिणाम झाला? एक परिणाम मागच्या काळावर झाला. जॉर्ज ब्लिन यांनी १९६६ साली जुन्या सरकारी आकड्यांवरून दाखवले की १८९१ ते १९४७ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील धान्य उत्पादन वर्षाला अवघ्या ०.११ टक्क्याने वाढले आणि लोकसंख्या ०.६७ टक्क्याने. साम्राज्याच्या अखेरच्या अर्धशतकावर यापेक्षा कठोर ताशेरा दुसरा नसेल. मग १९७३ मध्ये ॲलन हेस्टन यांनी शंका काढली: ही घसरण शेताची की आणेवारीची? दरवर्षी सावधपणे ‘बारा आणे’ लिहिणाऱ्या हाताने पिकाऐवजी आपली सवय नोंदवली असेल तर? अशोक देसाईंनी हेस्टन यांना उत्तर दिले. तो वाद पूर्ण मिटलेला नाही, आणि बंगालसारख्या प्रांतापुरता तो मिटण्यासारखाही नाही. निदान १९५० नंतरच्या हिशेबांना हा आजार त्या प्रमाणात नाही.

वेगळे आजार आहेत. १९७३-७४ पासून पीक सांख्यिकी सुधारणेच्या योजनेत नमुन्याच्या गावांत पटवाऱ्याच्या कामाची फेरतपासणी होऊ लागली. पाहणी वेळेवर न होणे, तुकडा आखण्यातील आणि तोलण्यातील चुका तिथे वर्षानुवर्षे नोंदल्या गेल्या. रंगराजन आयोगाने २००१ मध्ये सुचवले की सगळी गावे वाईट मोजण्यापेक्षा वीस टक्के गावे नीट मोजा. महालनोबिस हेच सांगत होते.

आता पैशाकडे परत येऊ. म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० सालीच पीक विम्याची योजना मांडली होती, आणि ती पिकावर नव्हे तर पावसाच्या मोजणीवर आधारलेली होती. पर्जन्यमापकाला सारा भरायचा नसतो आणि वसूलही करायचा नसतो. १९७६ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी दुसरा मार्ग काढला. एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजणे अशक्य आहे, म्हणून साऱ्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न कापणी प्रयोगांतून काढा आणि ते उंबरठ्याखाली गेले की सगळ्यांना भरपाई द्या. १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या पायावर उभ्या आहेत. पण जे आकडे देशाचे धान्य समजून घेण्यासाठी होते, त्यांच्यावर आता पुन्हा रक्कम ठरू लागली. २०१६ च्या योजनेत मुख्य पिकांसाठी क्षेत्र ग्रामपंचायतीपर्यंत खाली आणले गेले आणि दर पंचायतीत किमान चार प्रयोग ठरले. देशात अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या निम्म्यांत एकच पीक धरले तरी एका हंगामात पाच लाख प्रयोग होतात, तेही कापणीच्या मोजक्या आठवड्यांत.

दुसरी अडचण गणिताची आहे. समजा एका शेतातून दुसऱ्या शेतात उत्पन्न तीस टक्क्यांनी इकडे-तिकडे होते. शंभर तुकड्यांवरून जिल्ह्याची सरासरी काढली तर ती अनिश्चितता तीन टक्क्यांवर येते. चार तुकड्यांवरून पंचायतीची काढली तर पंधरा टक्के उरते, आणि त्या पंधरा टक्क्यांत कुणाला भरपाई मिळते, कुणाला नाही. शेतकऱ्याला आपले गाव वेगळे मोजले जावे असे वाटते, आणि ते रास्तच आहे. पण गाव जितके लहान, तितका चिठ्ठीचा कौल लहरी. अशा वेळी तुकड्याभोवती गर्दी जमते. गावकऱ्यांना वजन कमी भरावेसे वाटते, विमा कंपनीच्या प्रतिनिधीला जास्त, आणि मध्ये दोरी धरून उभा असलेला कर्मचारी कड्याच्या रोपाकडे पाहत असतो. १९१८ चा खेडा तालुक्यातालुक्यांत असा पुन्हा भरतो, इतकेच की आता तराजू आहे, फोटो आहे आणि जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर नोंदले जातात.

महाराष्ट्रात आण्यांचे पैसे झाले, पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर यावर वर्षानुवर्षे टंचाईच्या सवलती ठरत आल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच आपल्या सातबाऱ्यावरची पेरणी मोबाईलवरून नोंदवू लागला. २०२३ च्या खरिपापासून विमा योजनेत भात व गव्हासाठी उपग्रहांच्या आधारे काढलेल्या उत्पन्नाला किमान तीस टक्के वजन देण्यात आले. उपग्रहाला हिरवेपणा दिसतो, दाण्याचे वजन दिसत नाही. ते त्याला शिकवावे लागते, आणि शिकवण्यासाठी लागणारे आकडे शेतात दोरी ताणून, खुंट्या ठोकून, कापून, मळून आणि तोलूनच मिळतात.